जुन्या डेस्कटॉपवर कोणती सिस्टिम टाकावी?

प्रश्न : मी गंगाखेडचा निवृत्त शिक्षक. घरी चौथ्या पिढीचा आय-३ डेस्कटॉप पडून आहे, रॅम ८ जीबी. सप्ताहातली कीर्तनं, भजनं, मुलांच्या लग्नाच्या सीड्या, सगळं २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर गोळा केलंय. ते हॉलमधल्या टीव्हीवर आणि सूनबाईंच्या मोबाईलवर दिसावं, एवढंच पाहिजे. पुण्यातला मुलगा म्हणतो ट्रूनॅस टाका, दुकानदार म्हणतो विंडोज १० राहू द्या, भाचा म्हणतो उबुंटू. कोणाचं ऐकू?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तिघांत भाच्याचं जास्त पटतं. मी मात्र डेबियन (उबुंटूसारखीच लिनक्स सिस्टिम) सांगेन, तेही खिडक्या-आयकॉनचा पसारा न टाकता, आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे घरातले व्हिडिओ टीव्ही-मोबाईलवर दाखवणारा प्रोग्राम.

दुकानदाराचं आधी मिटवू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आडवाटेनं जुन्या मशीनवरही लोक टाकायलेत, पण जिथं वर्षभर कोणी हात लावणार नाही तिथं असला जुगाड नको.

चिरंजीवांचं ट्रूनॅस, म्हणजे फायली साठवणाऱ्या सर्व्हरसाठीची सिस्टिम, दणकट आहे. त्यातली झेडएफएस ही डिस्कवर फायली ठेवायची पद्धत बिघडलेली फाईल लगेच ओळखते. पण डिस्क एकच असेल तर ओळखून उपयोग काय, दुरुस्तीला दुसरी प्रत हवी ना! शिवाय सिस्टिमसाठी वेगळी डिस्क आणि किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणजे तुमचं मशीन सुरुवातीलाच काठावर.

उबुंटू डेबियनमधूनच निघालंय, ते टाकलं तरी मी भांडणार नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०३० पर्यंत मिळत राहतील. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू ठेवलं की त्या आपोआप बसतात. मुलानं दिवाळीत सगळं लावून दिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्याला फोन करावा लागू नये, माझी कसोटी एवढीच.

आता आपल्याकडचं खरं दुखणं, लाईट. ती जाणार, येणार, परत जाणार. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ व्यवस्थेत) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ नावाची सेटिंग असते, ती ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे लाईट आली की मशीन स्वतःहून चालू होईल. पण त्याआधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. एवढ्या जुन्या मशीनचा सेल बहुतेक मेलेला असतो. मग लाईट गेली की सेटिंगही जाते आणि मशीन ‘एफ १ दाबा’ म्हणत कीबोर्डची वाट बघत बसतं. माझ्या दुकानात ‘सर्व्हर बंद पडला’ म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचं काम या एका सेलवर भागतं. दुसरं, डेटाची डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) लिहिताना मुलाला ‘नोफेल’ टाकायला सांगा. नाहीतर एखाद्या दिवशी ती डिस्क सापडली नाही की सिस्टिम अर्ध्यातच अडते आणि तुम्हाला काळ्या पडद्यावर इंग्रजी वाचत बसावं लागतं. छोटा यूपीएस घ्याच.

सिस्टिम १२० जीबीच्या एसएसडीवर टाका. कीर्तनांसाठी आत एक नवी मोठी डिस्क लावा आणि ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. पोर्टेबल डिस्कवरून कॉपी करताना काही फायली ‘नाव फार लांब’ म्हणून अडतील, तेव्हा घाबरू नका. ईएक्सटी४ मध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी मोजली जातात. नुसतं ‘कीर्तन’ लिहिलं तरी १८ बाइट गेले. म्हणजे अख्ख्या नावाला मिळतात ८५ चिन्हं, आणि आपल्याकडं फाईलच्या नावात महाराजांच्या ‘ह.भ.प.’पासून अन्नदात्यापर्यंत अख्खी पत्रिका असते! विंडोजमध्ये ही मर्यादा एवढी आखूड नसल्यानं तिथं ते खपून जातं. वर्ष आणि गाव फोल्डरला द्या, फाईलला ‘०७ काला’ एवढं पुरे.

प्रोसेसर जुना असल्याची चिंता नको. मोबाईलवरचे नवे व्हिडिओ पुष्कळदा एचइव्हीसी या दाबून लहान केलेल्या प्रकारात असतात आणि ते हार्डवेअरवर पूर्णपणे उलगडायची सोय इंटेलनं सहाव्या पिढीपासून दिली. पण हल्लीचा टीव्ही ते स्वतःच उलगडतो, सर्व्हरनं फाईल फक्त पुढं सरकवायची. टीव्ही अँड्रॉइड असेल तर जेलीफिनचं अ‍ॅप मिळेल. ते फुकट आहे. प्लेक्स हा तसाच दुसरा प्रोग्रामही चांगला, पण घराबाहेरून बघायला २०२५ पासून तिथं पैसे पडतात.

मुलाला पुण्यातून बघायचं झालं तर राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू देऊ नका, टेलस्केल हा खाजगी जोडणीचा प्रोग्राम टाकायला सांगा.

वीजबिलाचं तुम्ही विचारलं नाही, पण काकू विचारतीलच. मशीन ४० वॅट खात असेल तर दिवसरात्र चालू ठेवून महिन्याला साधारण २९ युनिट होतात. आणि कॉपी झाली म्हणून जुनी पोर्टेबल डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकू नका. ती कपाटात राहू द्या, दर सप्ताहानंतर नवं रेकॉर्डिंग तिच्यावरही चढवा.