लोकल एमटीबी (माउंटन बाइक) रेस जिंकणारा रायडर वर्ल्ड कपला कितपत टिकेल?

बहुतेक जण रेस पूर्णच करू शकणार नाहीत, खरं सांगायचं तर. क्रॉस कंट्रीत (चढ-उताराच्या सर्किटवर ठरावीक लॅप मारायची रेस) यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, 80 टक्क्यांचा नियम आहे, म्हणजे लीडरचा पहिला लॅप 12 मिनिटांचा असेल तर साधारण साडेनऊ मिनिटं मागे पडलात की बाहेर काढतात, आणि रिझल्ट शीट उघडून बघा, खाली -1 लॅप, -2 लॅपवाल्यांची, म्हणजे एक-दोन लॅप बाकी असतानाच बाहेर काढलेल्यांची रांग असते, तेही आपापल्या देशातले तगडे रायडर असतात बरं. चढावर दम कमी पडतोच, पण रॉक गार्डन (दगडधोंड्यांचा पट्टा) आणि ड्रॉपवर (एकदम खाली उतरणारी पायरी) ब्रेक दाबूनही वेळ जातो. फक्त एक, यूसीआय पॉइंट नसले तर स्टार्ट सगळ्यात मागून मिळतो आणि सिंगलट्रॅकवर (एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट) ट्रॅफिकमध्ये अडकायला होतं, त्यामुळे नुसत्या नंबरवरून ताकद मोजू नका.