ऑनलाईन सेंटरचे दोन जुने संगणक: विंडोज ठेवावं, लिनक्स टाकावं की मोबाईलवर भागवावं?

तुमचा प्रश्न असा: लातूरला गंजगोलाईजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान, विंडोज १० चे दोन संगणक, अपडेट बंद झाल्याची सूचना सारखी येते. एकजण म्हणतो विंडोज काढून लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, दुसरा म्हणतो आता सगळं मोबाईलवर होतं, संगणकात पैसे घालू नका.

आधी एक कागद घ्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं नावही न काढता दिवसभरात दुकानात काय काय चालतं ते लिहून काढा. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, हिशेबाची टॅली, जुन्या मराठी फॉन्टांची श्रीलिपी, पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फायली, डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा यूएसबीला लागणारा). या यादीतली सगळ्यात हट्टी वस्तू तुमचा निर्णय ठरवेल. विंडोज आजही टिकून आहे ते या वस्तूंमुळे, त्याच्या दिसण्यामुळे नाही.

मोबाईलचं आधी संपवतो. पैसे घेणं, डिजिलॉकरमधून कागद काढणं, ओटीपी, एवढ्याला तो उत्तम. पण एका बाजूला स्कॅन केलेला सातबारा, दुसरीकडे फॉर्म, तिसरीकडे फोटो ठरलेल्या केबीत बसवायचा, आणि समोर रांग उभी. हे काम मोठ्या पडद्याचं आणि कीबोर्डचं आहे.

आता तुमचे संगणक. प्रोसेसरचं नाव बघा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-६५०० म्हणजे सहावी, आय५-८४०० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय). रॅम ४ जीबी लिहिलेली असते, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे ठेवणाऱ्या दुकानाला ८ च्या खाली जमत नाही. आठवी पिढी असूनही संगणक अपात्र दाखवत असेल तर लगेच नवा घेऊ नका. बऱ्याचदा टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी या नावाने सापडतो, तो चालू करा.

संगणक चौथ्या-सहाव्या पिढीचा असेल तर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने अट चुकवून ११ टाकून देणारे भेटतील. धंद्याच्या मशीनवर हे करू नका. दरवर्षीचं मोठं अपडेट आपसूक येत नाही, पुन्हा हाताने बसवावं लागतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिच्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच असते. ही मुदत मशीन बदलायची तयारी करण्यापुरती धरा.

अंगठ्याच्या मशीनचं नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईक तिथेच ताटकळतं. मंत्राचं एमएफएस ११० घ्या किंवा दुसरं कुठलं, मशीन स्वतः वेबसाइटशी बोलत नाही. संगणकात आरडी सर्व्हिस नावाचा कार्यक्रम चालू असतो आणि ब्राउझर त्याला याच संगणकावर १११०० ते १११२० मधल्या पोर्टांवर (कार्यक्रमांनी एकमेकांशी बोलायच्या क्रमांकांच्या दारांवर) शोधतो. म्हणून ‘डिव्हाइस सापडलं नाही’ असं आलं की केबल उपटण्याआधी ती सर्व्हिस चालू आहे का, अँटिव्हायरसने अडवली आहे का, आणि दुसरं एखादं अंगठा मशीन त्याच वेळी जोडलेलं आहे का ते पाहा. हा सगळा संसार मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडभोवती उभा आहे. टॅलीप्राइमही विंडोजचंच. म्हणून पहिला संगणक विंडोज ११ चाच ठेवा.

दुसऱ्यावर नुसते फॉर्म, पीडीएफ आणि प्रिंट असेल तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) चांगलं चालतं, जुन्या मशीनवर तर विंडोजपेक्षा हलकं. आधी बसवू नका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ (बसवायची फाईल) रुफससारख्या सॉफ्टवेअरने चढवा, डेल-लिनोव्होला एफ१२ आणि एचपीला एफ९ दाबून त्यावरून चालू करा, आणि अर्धा तास खरं काम करून पाहा: स्कॅन, प्रिंट, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टायपिंग. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असेल तर तिथेच अडेल. त्या प्रिंटरला स्वतःची अक्कल कमी, छापायचं पान तो संगणकाकडून तयार करून घेतो. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर जुना आहे. त्याची सीसीपीडी नावाची सेवा पडली की पान रांगेत अडकून बसतं. असा प्रिंटर विंडोजलाच जोडलेला बरा.

पत्रिका-हँडबिलांच्या जुन्या फायलींना घाईने हात लावू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, आणि जशी दिसतात त्या क्रमाने. ‘चि.’ लिहिताना तिथे वेलांटी आधी आणि च नंतर. युनिकोडमध्ये (आज मोबाईल-इंटरनेटवर चालणाऱ्या पद्धतीत) च आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. ‘कीर्ती’मधला रफार तिथे त आणि वेलांटीनंतर येतो, युनिकोडमध्ये तोच र् त च्या आधी. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टर चुकतो तो इथेच, आणि चूक सापडते ती पाचशे पत्रिका छापून झाल्यावर. बदललेला मजकूर रफार, वेलांट्या, जोडाक्षरं बघत बोट ठेवून वाचा. पेजमेकरसारख्याच इनडिझाइनमध्ये घेतलात तर त्यातला कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) ‘वर्ल्ड-रेडी’ करा, नाहीतर बरोबर युनिकोडही वेलांटी उलट्या बाजूला दाखवतो.

पेजमेकर युनिकोड जाणतच नाही. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. त्या फायली रोज लागत असतील तर एक जुनं मशीन नेटची केबल काढून तसंच ठेवा. फॉन्टचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा आणि श्रीलिपीचा हार्डवेअर लॉक (संगणकाला लावायची छोटी किल्ली) जपून ठेवा. लॉक हरवला की सीडी असून उपयोग नाही. त्या मशीनला गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावू देऊ नका, आधी दुसऱ्या संगणकावर तपासा.

आणि जूनमधले दाखले, जुलैतला पीक विमा या काळात यातलं कुठलंच काम सुरू करू नका. गर्दी ओसरली की एकावेळी एकच संगणक घ्या, यूपीएसची बॅटरी आधी बघा (अपडेट चालू असताना लाईट गेली तर दिवस वाया), आणि त्यावर आठ दिवस सगळी कामं, अंगठा आणि डिजिटल सहीसकट, बिनबोभाट झाली की मगच दुसऱ्याला हात लावा.