परवाना आहे, पण कशाचा?

पत्ते, रेस, कॅसिनो, गेम पार्लर यांवरच्या प्रश्नांचा गठ्ठा बराच साचला आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं: "त्यांच्याकडे परवाना आहे." मुंबईच्या किल्ला कोर्टात वकिली करताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की माझा उलट प्रश्नही आता तोंडपाठ झालाय. कशाचा?

पहिलं पत्र: माझा मेहुणा बोरिवलीत एक व्हिडिओ गेम पार्लर विकत घेतोय. मालक "चालू परवान्यासकट" म्हणून भरमसाट रक्कम सांगतोय. नूतनीकरण तीन महिन्यांवर आलंय. मी भागीदारीत पैसे घालू का?

आधी गैरसमज दूर करू. मटक्याचा, तीन पत्तीचा किंवा पैसे लावून खेळायच्या मशीनचा परवाना महाराष्ट्रात मिळतच नाही. आपल्याकडे आजही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. त्याच्या कलम ४ नुसार अड्डा चालवणं गुन्हा आहे आणि कलम ५ नुसार अड्ड्यात सापडणंही. कलम १३ ने सूट दिली आहे ती फक्त निव्वळ कौशल्याच्या खेळांना. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये वेगळा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. जवळजवळ अर्धशतक तो कपाटात पडून होता. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं.

मग पार्लरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद कसला? करमणुकीचा. मुलांनी गाड्या पळवाव्यात, बंदुका चालवाव्यात, यासाठी तो दिलेला असतो. त्याच मशीनवर जिंकलेल्या पॉइंटचे गल्ल्यावर रोख पैसे मिळायला लागले की त्या कागदाचा उपयोग संपला. धाड पडल्यावर ती फ्रेम पुढे करणारे अशील मी पाहिले आहेत, त्यांना ती कधी कामाला आली नाही.

दुसरी गोष्ट, परवाना हा गाळ्यासारखा विकता येत नाही. तो ठरावीक माणसाला, ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. दोघांत कितीही पक्का करार झाला तरी सरकारदरबारी तो आपोआप मेहुण्याच्या नावावर चढणार नाही. नूतनीकरण म्हणजे नुसती फी भरून शिक्का मारून घेणं, असंही समजू नका. शेजाऱ्यांच्या तक्रारी, आधीचे गुन्हे, जागेचा वापर हे सगळं तेव्हा बाहेर निघू शकतं. तीन महिने उरले असताना मालक का विकतोय, हा प्रश्न मला या व्यवहारात सगळ्यात जास्त खटकतो.

पैसे घालण्याआधी एक संध्याकाळ तिथे जाऊन बसा. मशीनकडे बघू नका, गल्ल्याकडे बघा.

माझा मुलगा पणजीत एका कॅसिनोच्या हिशेब विभागात आहे. सरकार दरवर्षी कोट्यवधींचं शुल्क घेतं आणि कोविडमध्ये धंदा बंद असतानाच्या महिन्यांचंही मागितलं. सेवा काही नाही, तरी शुल्क भरायचं? हा अन्याय नाही का? — विलेपार्ले

तुमच्या प्रश्नात कायद्याची खरी गाठ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या शुल्कामागे काही तरी सेवा असावी लागते. बाजार समिती फी घेते तर तिने ओटे बांधावेत, पाणी द्यावं. घेतलेलं आणि दिलेलं यांचा काही मेळ दाखवता आला पाहिजे, हे न्यायालयांनी १९५४ पासून सांगितलं आहे. जुगाराला हे गणित लागू होत नाही, आणि त्याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच इथे वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांचं पीक आलं होतं. प्रवेश फी भरायची, कोडं सोडवायचं, आणि संपादकाच्या पाकिटातल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं तर बक्षीस. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने त्यावर परवाना आणि कर बसवला. आर.एम.डी. चमारबागवाला यांचं असं कोड्यांचं वर्तमानपत्र बंगळुरूहून निघायचं, पण इथे जोरात खपायचं. कायदा दुरुस्त होऊन बाहेरून येणारी वर्तमानपत्रंही त्यात आली, तेव्हा ते कोर्टात गेले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. धंदा करण्याचा मूलभूत हक्क त्याला नाही.

पुढचं सगळं यातून निघतं. जो धंदा करायचा तुमचा हक्कच नाही, तो करू दिल्याबद्दल सरकार जे घेतं ती त्या मुभेची किंमत असते. १९७५ मध्ये दारूच्या परवान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडलं. गोव्याचा जुगारविषयक कायदा १९७६ चाच, आपल्या कॅसिनो कायद्याच्या वर्षीचा. तिथे १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि पुढे बोटींसाठी वाट मोकळी केली गेली आणि मुभेची वार्षिक किंमत ठरली. टाळेबंदीतल्या शुल्काविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये फेटाळल्या. भाडेकरूशी तुलना केली की फरक कळतो. भाडेकरू जागा वापरण्याचे पैसे देतो, कॅसिनोवाला मुभा हातात ठेवण्याचे.

सरकारला मोकळं रान आहे असा मात्र अर्थ नाही. शुल्काला कायद्याचा आधार लागतो, आणि एकसारख्या दोघांना वेगळी वागणूक देता येत नाही. मला स्वतःला शुल्काच्या आकड्याची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती सवयीची. ज्या खात्याने लगाम धरायचा, त्याच्याच जमाखर्चात हा पैसा दरसाल धरलेला असेल, तर नूतनीकरणाला नकार द्यायची हिंमत कोण करणार?

महालक्ष्मी रेसकोर्सचा करार संपला होता म्हणतात. मग इतकी वर्षं तिथली बेटिंग बेकायदा होती का? आणि बुकीला फोनवरून पैसे लावले तर? — ताडदेव

दोन कागदांची गल्लत होते आहे. जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, ते खरं. त्यावरचा वाद २११ एकरांपैकी १२० एकर सेंट्रल पार्क या सार्वजनिक उद्यानाला आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे, असा मिटला. शर्यती भरवायचा परवाना मात्र १९१२ च्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याखाली मिळतो. पट्टा संपला म्हणून तो परवाना आपोआप बुडत नाही.

जुगाराच्या व्याख्येतून घोड्यांवरची बेटिंग वगळली आहे, पण अटींसह: शर्यतीच्याच दिवशी, परवानाधारकाने राखलेल्या आवारात किंवा सरकारने मान्य केलेल्या जागी, आणि परवानाधारक बुकीकडे किंवा टोटलायझेटरवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेवर. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं आहे. त्याने गल्लीतला बुकी शुद्ध होत नाही. फोनवरचा तुमचा माणूस आवाराबाहेर बसून पैसे घेत असेल तर सूट संपली.

नागालँडचा परवाना असलेलं रमीचं ॲप चालतं ना?

नागालँडने कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाने द्यायचा कायदा केला होता, हे खरं. पण संसदेच्या ज्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ॲपवर जमा असलेली रक्कम मात्र लवकर काढून घ्या.

गणपतीत जागरणाला आमच्या चाळीत पत्ते बसतात. कुणी म्हणतं पोलीस उचलतील. परवाना काढावा का? — लालबाग

काढणार कुठून? तो मिळतच नाही. फरक दोन गोष्टींनी पडतो. पहिली नाल, म्हणजे डावातून कापलेला मालकाचा वाटा. जागेचा किंवा पत्त्यांचा मालक डावामागे कमाई करत असेल, तर कायद्याच्या भाषेत ती खोली अड्डा ठरते. तुम्ही घरात चार भाऊबंद बसलात आणि कुणी नाल काढत नसेल, तर ती तशी ठरत नाही. (या अटीला एक गमतीदार अपवाद आहे. मुंबईत पावसाच्या सट्ट्याचं वेड होतं, म्हणून पाऊस पडेल की नाही यावर पैसे लावायची जागा असेल तर नाल न घेताही ती अड्डाच! हे आजही कायद्यात आहे.)

दुसरी गोष्ट जागा. मंडपात कुणीही येऊ शकतं, म्हणून ती सार्वजनिक जागा, आणि तिथे पैसे लावून तीन पत्ती खेळताना दिसलात तर कलम १२ खाली पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. रमीला कौशल्याचा खेळ म्हणून १९६८ च्या निकालाचा आधार आहे, तीन पत्तीला नाही. तेव्हा डाव मंडपातून उचलून कुणाच्या तरी घरात न्या, आणि चहा-भज्यांची वर्गणी डावातून कापू नका, आधीच वेगळी जमवा.