ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, इंग्रजी डबिंगमध्ये राजकारण घुसवतात म्हणून चाहते चिडतात. त्यांचं बरोबर आहे की उगाच कांगावा?

थोडं बरोबर, बराचसा कांगावा. पण आधी ज्या प्रसंगावरून हे सगळं पेटलं तो सांगते, कारण भांडणाऱ्यांतल्या अनेकांनी तो पाहिलेलाच नसतो.

'मिस कोबायाशीज ड्रॅगन मेड' ही ॲनिमे मालिका, २०१७, बारावा भाग. लुकोआ ही ड्रॅगन, एकेकाळची देवी, कायम तोकड्या कपड्यांत. त्या दिवशी ती जरा अंगभर कपडे घालून येते. जपानीत ती म्हणते ते साधारण असं: "सगळे सारखे काहीतरी बोलत होते गं, म्हणून जरा झाकून बघितलं. कसं दिसतंय?" त्यावर तिची मैत्रीण तोहरू म्हणते, "आता अंगच बदलून बघ." दोघी ड्रॅगन, रूप बदलणं हा त्यांच्या हातचा मळ, म्हणून हसू येतं.

इंग्रजीत लुकोआ म्हणते, त्या कटकट्या पितृसत्ताक सामाजिक अपेक्षा डोक्यात जायला लागल्या होत्या, म्हणून बदलले कपडे. आणि तोहरू म्हणते, आठवडाभर थांब, पुन्हा पहिलेच घाल म्हणून मागे लागतील.

बोंब झाली ती 'पितृसत्ताक' या शब्दावरून. माझी तक्रार त्याच्या पुढच्या वाक्याबद्दल आहे. अंग बदलण्याचा विनोद पार गेला की! लुकोआ ही कशाचंच मनावर न घेणारी बाई. तिच्या तोंडी कुणावर तरी चिडलेलं वाक्य आलं आणि ती तेवढ्यापुरती दुसरीच कुणीतरी झाली. मूळ वाक्यात टोचून बोलणारे 'सगळे' कोण, बायका की पुरुष, हे सांगितलेलंच नाही. इंग्रजीत त्यांची ओळखपरेड झाली.

मी सबटायटलं लिहून पोट भरते, डबिंगच्या संहितांवरही अधूनमधून हात मारलाय. डबिंगमध्ये वाक्य बदलावंच लागतं. पात्राचं तोंड चार सेकंद हलत असेल तर तुमचं वाक्य चार सेकंदांत बसलं पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. पण ॲनिमेत ओठ बहुतेक वेळा नुसते उघडतात आणि मिटतात, खऱ्या नटासारखे 'प' आणि 'म' तिथे दिसत नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्याला भरपूर मोकळीक. "ओठ जुळत नव्हते" ही सबब या वाक्याला लागू नाही. लिहिणाऱ्याला ते सुचलं, आवडलं, म्हणून आलं. संहिता जेमी मार्चीची आणि लुकोआचा आवाजही तिचाच, त्यामुळे सगळा राग थेट तिच्यावर निघाला, आणि तो वाक्यापुरता राहिला नाही. एका वाक्यासाठी एका बाईच्या वर्षानुवर्षं मागे लागणं हा कांगावाच.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी बोलत नाही. तेव्हा फनिमेशन आणि क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्यांची भागीदारी होती: डब फनिमेशनवर, सबटायटलं क्रंचीरोलवर. जपानी भागापाठोपाठ काही आठवड्यांत इंग्रजी डब येई. दोन्ही अनुवाद एकाच वेळी बाजारात, मग शेजारी शेजारी लावून चित्र फिरवायला कितीसा वेळ लागतो?

जुन्या काळी हे सोपं नव्हतं, म्हणून खूप काही खपून गेलं. 'सेलर मून'मध्ये हारुका आणि मिचिरू या एकमेकींच्या प्रेमात असलेल्या मुली. २००० च्या इंग्रजी डबमध्ये त्यांना चक्क चुलत बहिणी केलं. तेही राजकारणच होतं, फक्त उलट्या बाजूचं. 'वन पीस'मधल्या सांजीच्या तोंडातली सिगारेट काढून लॉलीपॉप दिला, तो मुलांसाठी म्हणे. 'पोकेमॉन'मध्ये भाताचे गोळे, आणि पात्र त्यांना जॅम भरलेले डोनट म्हणतंय! चाहते तेव्हाही चिडायचे, नाही असं नाही. पण आज 'पितृसत्ताक'वर आगपाखड करणारे काही जण चुलत बहिणींचा विषय काढला की गप्प बसतात. तिथे मला त्यांची मूळ कृतीवरची निष्ठा जरा कच्ची वाटते.

आता माझं स्वतःचं पाप. सुरुवातीला एका कोरियन मालिकेची मराठी सबटायटलं करत होते. सासू सुनेला विचारते, जेवलीस का. मी लिहिलं, "पोटात काही ढकललंस का?" मला फार भारी वाटलं होतं. तपासणाऱ्या ताईंनी ते खोडलं आणि समोर लिहिलं, 'ही सासू सोलची आहे, साताऱ्याची नाही.' मी दोन दिवस फुरंगटून होते. मग तो भाग पुन्हा पाहिला. सासू ते वाक्य इतकं हळू, अवघडून म्हणत होती, की माझं वाक्य तिथे थोबाडीत मारल्यासारखं वाटलं असतं.

आपल्याकडे पुस्तकावर 'अनुवाद' निराळा छापतात आणि 'रूपांतर' निराळं. रूपांतर म्हटलं की लंडनची बाई पुण्यात येऊन कांदेपोहे करते, कुणाचं काही म्हणणं नसतं, कारण आधीच सांगितलेलं असतं. डबवर तसं काही छापत नाहीत.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर बाराव्या भागातला तो प्रसंग दोन्ही भाषांत ऐका, जपानी आधी. मिनिटभरसुद्धा लागणार नाही.