संस्थेसाठी हितचिंतक मंडळ उभं करायचंय? आधी पार (पाळ्या) वाटून द्या

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या फोंडा तालुक्यात तुमची छोटी नोंदणीकृत संस्था मुलांसाठी वाचनालय आणि संध्याकाळचे मोफत वर्ग चालवते, सगळा भार दोन-तीन देणगीदारांवर आहे, आणि आता समर्थकांचा क्लब काढायचा तर सुरुवात कुठून करावी. मी बार्देशातल्या एका संस्थेत बरीच वर्षं काम करते. डोक्याकडची बाजू उचलता येणारी फाउलर खाट, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची असं रुग्णसाहित्य आम्ही विनामूल्य घरी नेऊन देतो आणि गरज संपली की परत आणतो. आमचं हितचिंतक मंडळ दुसऱ्या प्रयत्नात उभं राहिलं. पहिला का फसला, तिथूनच सांगते.

पहिल्या वेळी आम्ही सुवर्ण, रौप्य, कांस्य असे वर्ग पाडले. ओळखपत्रं छापली, हॉल घेतला, प्रमुख पाहुणे आणले, शाल-श्रीफळ झालं. पैसे आले, पण एकदाच. पुढच्या वर्षी फोन केले तर लोक आदरानं बोलले आणि "बघूया" म्हणाले. दोष त्यांचा नव्हता. मधल्या बारा महिन्यांत आम्ही त्यांना ना काही कळवलं होतं, ना काही विचारलं होतं. एका निवृत्त मास्तरांनी मात्र तोंडावर सांगितलं, "पयशे दितलों, पूण म्हाका काम कितें तें सांग." पैसे देईन, पण माझं काम काय ते सांग. त्या वाक्यानं आमची सगळी मांडणी बदलली.

तुम्ही गोव्यातलेच, म्हणजे सप्ताह तुम्हाला नवा नाही. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह १८९९ पासून चालत आलाय, साथीच्या दिवसांत सुरू झालेला. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तासांचं, अखंड. तिथं व्यवसायाव्यवसायाचे पार, म्हणजे पाळीनं भजन करणारे गट, वाजतगाजत देवळात येतात. गावोगावच्या सप्ताहांत वाड्यावाड्याला वेळ नेमून दिलेली असते. पहाटे तीनच्या पाराला कोण बसणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून टाळ खाली ठेवला जात नाही. त्या वेळी आपण गेलो नाही तर भजन तुटेल, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठवते. हितचिंतकाला हीच जाणीव द्यायची असते, आणि ती सोनेरी ओळखपत्रातून येत नाही.

मग आम्ही वर्षाचे बारा पार केले. प्रत्येक महिना एका गटाचा. एक गट एका वाड्यावरच्या बायकांचा, एक बँकेतून निवृत्त झालेल्यांचा, एक म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदारांचा, एक एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा. ज्याचा महिना, त्यानं त्या महिन्यातल्या टेम्पोच्या भाड्याची सोय बघायची, बाहेर गेलेलं साहित्य ज्यांच्या घरी आहे त्यांना फोन करून विचारपूस करायची, परत आलेल्या वस्तू धुऊन-पुसून ठेवायला दोन माणसं पाठवायची. मे महिना मिळालेल्या गटाकडे मोठं काम असतं: पावसाच्या आधी सगळ्या खाटा घासून त्यांना रंग द्यायचा. आपल्या हवेत लोखंड किती दिवस टिकतं ते तुम्हाला माहीत आहे. तो रंग द्यायला जे लोक एकदा आले, त्यांतल्या जवळजवळ कुणालाही मला पुन्हा वर्गणीची आठवण करावी लागली नाही.

पैशांचं सांगते. रक्कम लहान ठेवा आणि महिन्याची ठेवा. आमच्याकडे शंभर रुपयांपासून सुरुवात आहे. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे सोयीचं. एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही, आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी निरोप येतो, त्यामुळे फसवल्यासारखं वाटत नाही. पण पावतीपुस्तक बंद करू नका. आमच्या एक आजी दर महिन्याला शंभराची नोट पोथीत ठेवतात आणि घरी येऊनच घ्या म्हणतात. त्या शंभर रुपयांसाठी एक माणूस अर्धा तास जातो, चहा घेतो, गप्पा मारतो. हिशेबाच्या दृष्टीनं ते महाग पडत असेल, पण त्या आजींमुळे त्यांच्या वाड्यावरची सहा घरं आमच्याशी जोडली गेली.

कराच्या सवलतीवर मंडळ उभं करू नका. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०जी नोंदणी असेल तर ती जरूर सांगा, देणगीदाराचा पॅन घेऊन ठेवा, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही आधीच सांगा. मात्र नवी करप्रणाली घेणाऱ्या पगारदाराला ८०जीचा फायदाच नाही, आणि आता बहुतेक तरुण तीच घेतात. फक्त सवलतीसाठी येणारा माणूस सवलत गेली की जातो.

दोन कायदेशीर गोष्टी गोव्यात फार अडचणीच्या ठरतात, त्या नीट वाचा.

पहिली म्हणजे 'सभासद' हा शब्द. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल, तर नियमांप्रमाणे प्रवेश मिळालेला आणि वर्गणी भरलेला किंवा सभासदपत्रकावर सही केलेला माणूस सभासद ठरतो आणि त्याला मत असतं. क्लबच्या उत्साहात तुम्ही दोनशे जणांना 'सभासद' म्हणून पावत्या फाडल्यात, तर पुढच्या आमसभेत कुणाला मत आहे यावरून वाद होतील. म्हणून पावतीवर 'हितचिंतक' लिहा, आणि हितचिंतकांना मताधिकार नाही असा ठराव कार्यकारिणीत करून ठेवा.

दुसरी गोष्ट परदेशातल्या गोंयकारांची. चतुर्थीला घर भरतं, लंडनहून, लिस्बनहून, दुबईहून माणसं येतात, आणि आपलं काम बघून कुणाचा तरी हात खिशात जातो. इथं थांबून एक प्रश्न विचारायलाच हवा: पासपोर्ट कुठला? दुबईत नोकरी करणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारावर ज्यानं पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय, तो आपल्या शेजारच्या घरातला असला, त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं, तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशी स्रोत आहे. त्यानं इथं बसून रुपयांत दिले तरीही. परदेशातून पाठवलेली व्हीलचेअरसुद्धा त्यातच येते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. छोट्या संस्थेला हे जड जातं. मला स्वतःला हा नियम मनाला लागतो, कारण ज्यांच्या आईला आमची खाट दिली त्याच घरातल्या मुलाला "तुमचे पैसे घेऊ शकत नाही" असं सांगावं लागलंय. पण सांगावं लागतंच. त्या मुलानं मग सुट्टीतले चार दिवस येऊन आमची वस्तूंची नोंदवही संगणकावर चढवून दिली. श्रमदानाला पासपोर्ट लागत नाही.

आमच्या कामात एक नाजूक जागा आहे, तुमच्याकडे ती वेगळ्या रूपात असेल. खाट परत येते तेव्हा बहुतेकदा त्या घरात माणूस गेलेला असतो. त्या वेळी आम्ही पावतीपुस्तक खिशातून काढत नाही, असा आमचा नियम आहे. खाट उचलायची, नमस्कार करायचा आणि निघायचं. वर्षश्राद्धाच्या सुमारास एक फोन करायचा, तोही फक्त चौकशीचा. आमचे सगळ्यात पक्के हितचिंतक याच घरांतून आलेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःहून विचारलं.

हिशेब दर तीन महिन्यांनी द्या. एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात: किती आले, कशाला गेले, किती उरले. काही तोट्यात गेलं असेल तर तेही लिहा. आमचं एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतल्यावर सहा महिन्यांत बंद पडलं आणि दुरुस्तीला फार पैसे गेले. लपवायचा मोह झाला होता. छापलं, तर एका हितचिंतकानं अशी यंत्रं दुरुस्त करणारा त्याच्या ओळखीचा माणूस आणून दिला.

आता तुमचं वाचनालय. देणगीदारांच्या यादीपासून सुरू करू नका. वर्गाला येणाऱ्या मुलांच्या आयांपासून करा, आणि पहिलं वर्ष त्यांच्याकडे पैसे मागू नका. जूनमध्ये नव्या पुस्तकांना कव्हरं घालायला बोलवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुस्तकांना बुरशी धरते, तेव्हा कपाटं रिकामी करून पुसायला पाच जणी लागतील. शनिवारी गोष्ट वाचून दाखवायचा पार एखाद्या आजोबांना द्या आणि तो त्यांच्या नावानं फळ्यावर लिहून ठेवा. गावातल्या नाटकमंडळाची मुलं एक संध्याकाळ घेतील, विचारून बघा, त्यांचं पाठांतर चांगलं असतं. बारा गट एकदम मिळणार नाहीत. आम्हाला पहिल्या वर्षी चारच मिळाले होते, उरलेले आठ महिने कार्यकारिणीनं आपल्यात वाटून घेतले. तुमची माणसं किती आणि वर्ग आठवड्यातून किती दिवस, ते कळवलंत तर पारांची वाटणी करायला मी नक्की मदत करेन.