शरणार्थी, घुसखोर, तडीपार, एकीकरण: एका वाक्यातले चार शब्द

प्रश्न असा आहे. जर्मनीतल्या बातमीचा अनुवाद करताना एका वाचकाने हे वाक्य लिहिले: "अर्ज फेटाळलेल्या शरणार्थींना घुसखोर ठरवून तडीपार करण्यावरून वाद पेटला असून, उरलेल्यांच्या एकीकरणासाठी ७०० तासांचा अभ्यासक्रम आहे." यातले शरणार्थी, घुसखोर, तडीपार आणि एकीकरण हे शब्द चालतील का?

चारही बदलावे लागतील, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

'शरणार्थी' हिंदीतून आला आहे. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, आणि हिंदीने तो अर्थ 'शरण देना'मध्ये जपला. मराठीत शरण कोणी देत नाही. शरण जातात, शरण येतात, शरणागती पत्करतात. देवाला शरण जाणे सोडले, तर या शब्दात हत्यार खाली ठेवल्याचाच भाव आहे, त्यामुळे मराठी कानाला शरणार्थी हा आसरा मागणाऱ्यापेक्षा हरलेला वाटतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्यांच्या मदतीसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्यावर 'शरणार्थी सहायता' असे छापलेले असे, म्हणजे हा शब्द मराठी घरांत पत्रांबरोबर पोहोचला होता. तरी बोलताना लोक निर्वासितच म्हणत राहिले.

गंमत म्हणजे हिंदीत 'निर्वासित' म्हणजे देशाबाहेर घालवलेला. धरमशालेतून चालणाऱ्या तिबेटी सरकारला हिंदीत 'निर्वासित सरकार' म्हणतात. तेच शब्द उचलून मराठीत ठेवले, की छावणीत राहणाऱ्यांचे सरकार असल्यासारखे वाटते. तिथे 'विजनवासातले सरकार' बरे. हिंदी मजकुरावरून मराठी करताना ही जोडी हमखास उलटी पडते.

आता मूळ मुद्दा. निर्वासिताची आंतरराष्ट्रीय व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणासाठी छळ होईल अशी रास्त भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस, तो निर्वासित. करारातल्या काळाच्या आणि प्रदेशाच्या मर्यादा १९६७ च्या जोडकराराने काढल्या. यातले 'देशाबाहेर' हे शब्द महत्त्वाचे. देशातल्या देशात घर सुटले तर तो विस्थापित. कारण ठाऊक असेल तर मराठी थेट धरणग्रस्त, भूकंपग्रस्त म्हणते, आणि ते जास्त नेमके आहे.

अर्थात मराठीतला 'निर्वासित' या कराराची वाट पाहत थांबला नव्हता. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. ती उठल्यावर तिथेच सिंधी कुटुंबे वसली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. लोकांनी दोघांनाही निर्वासितच म्हटले, पण सिंधी तर भारताचे नागरिक झाले होते, आणि पुनर्वसनाचा कायदा इंग्रजीत त्यांना 'विस्थापित' या अर्थाचा शब्द वापरतो. बोलीतला निर्वासित ऐसपैस आहे, कायद्यातला अरुंद. बातमी कायद्याबद्दल असेल तर अरुंद अर्थच धरावा.

तो धरला की जर्मनीच्या बातमीत निदान चार वेगळी माणसे दिसतात. पहिला: आश्रयासाठी अर्ज केला आहे, निर्णय व्हायचा आहे. न्युर्नबर्गला मुख्यालय असलेले स्थलांतर व निर्वासितविषयक संघीय कार्यालय त्याची सुनावणी घेते, आणि तोवर राहण्यापुरता कागद त्याच्या हाती असतो. याला निर्वासित म्हणणे म्हणजे निकालाआधी निकाल देणे. याच्यासाठी 'आश्रयार्थी'. परीक्षार्थी अजून उत्तीर्ण झालेला नसतो, तसाच हा. (सरकारी 'लाभार्थी'ला लाभ आधीच मिळालेला असतो, तो अपवाद सोडा.) दुसरा: अर्ज मान्य झाला, तो निर्वासित. तिसऱ्याला पाच कारणांपैकी एकही लागू नाही, पण परत गेला तर फाशी, छळ किंवा युद्धातल्या हिंसेचा धोका आहे. त्याला मिळते ते 'पूरक संरक्षण'. काही जण 'दुय्यम' लिहितात, त्याने ते कमअस्सल वाटते.

चौथ्यापाशी अनुवादक अडखळतो. अर्ज फेटाळला गेला, देश सोडण्याचे बंधन कायम आहे, पण पासपोर्ट नाही किंवा आजारपण आहे म्हणून पाठवता येत नाही. त्याला जे पत्र मिळते त्याला जर्मनीत 'डुल्डुंग' म्हणतात. मूळ क्रियापदाचा अर्थ सहन करणे, चालवून घेणे. मराठीत याचा 'निवास परवाना' होतो आणि अर्थ पार उलटतो, कारण हा परवाना नव्हेच. कोर्टकचेरीतला आपला रोजचा शब्द इथे चपखल बसतो: 'रवानगीला स्थगिती'.

'फेटाळला' या शब्दालाही जपा. साध्या नकारानंतर देश सोडायला ३० दिवस मिळतात आणि दोन आठवड्यांत प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो. दावा लागला की रवानगी थांबते. नकार 'उघडच निराधार' या शेऱ्यासह आला, तर दोन्ही मुदती एकेका आठवड्यावर येतात आणि रवानगी थांबवायला वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय बरेच अर्ज आत शिरून तपासलेच जात नाहीत, उदाहरणार्थ अर्ज तपासण्याची जबाबदारी दुसऱ्या युरोपीय देशाची असेल तर. ते 'निकाली काढले'; त्यांना फेटाळलेल्यांत मोजले की नकाराचा आकडा फुगतो. वादात दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

'घुसखोर'मधला 'खोर' फारसी आहे, अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, साठेखोर, टवाळखोर, दंगेखोर: घुसखोर या पंगतीत बसतो. एकदा हातून घडलेल्या कृतीला हा प्रत्यय खोड बनवतो. (बंडखोराला तेवढा मान मिळतो, तोही बहुधा कवी असेल तर.) दुसरी अडचण तथ्याची. आपल्या नागरिकत्व कायद्यातली २००३ ची व्याख्या कागदांविना आलेला आणि मुदत संपल्यावरही राहिलेला, अशा दोघांनाही बेकायदा स्थलांतरित म्हणते. यातला दुसरा व्हिसा दाखवून दारातून आलेला असतो, तो घुसलेला नाही. आणि जर्मनीत अर्ज फेटाळला गेल्याने माणूस कसा आला हे काहीच ठरत नाही. नेत्याने घुसखोर म्हटले असेल तर अवतरणात ठेवा. बातमीच्या स्वतःच्या वाक्यात नको.

'तडीपार' तर आपल्या पोलिसांचा शब्द. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे गुंडाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी एखाद्या जिल्ह्यातून किंवा परिसरातून बाहेर काढतात. ठाण्यातून तडीपार झालेला नाशकात राहू शकतो. 'हद्दपार' कागदोपत्री त्याच कारवाईसाठी असला तरी देशाची हद्द म्हणून चालून जातो. मात्र सोबत गुन्हेगाराची सावली येते. 'मायदेशी रवानगी' स्वच्छ आहे. फक्त तिसऱ्या देशात पाठवत असतील तेव्हा 'मायदेशी' गाळायला विसरू नका.

राहिले 'एकीकरण'. जर्मनीचे एकीकरण १९९० साली झाले, त्यामुळे हा शब्द तिथे आधीच गुंतलेला आहे. 'एकात्मता' राष्ट्राची असते, 'समरसता'ला आपल्याकडे राजकीय वास आहे. अभ्यासक्रमाच्या नावात 'समावेशन' लिहावे: ६०० तास भाषा, बी-१ पातळीपर्यंत (म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येतील इतकी), आणि १०० तास कायदा, इतिहास, समाज. वाक्यात मात्र क्रियापद वापरा, आणि ते निवडताना सावध राहा, कारण जर्मनीतले भांडण नेमके क्रियापदाच्या कर्त्यावरून आहे. 'जुळवून घेणे' म्हटले की सगळे ओझे आलेल्यावर. 'सामावून घेणे' म्हटले की यजमानावर. 'रुळणे'मध्ये कोणावरच नाही, ते काळावर सोडलेले. नवी सून रुळते तसे. मूळ वक्ता काय म्हणाला ते पाहून यातले एक घ्यावे. तिन्हींना 'समावेशन' म्हटले तर वादच दिसेनासा होतो.

शेवटी विभक्ती. 'शरणार्थींना' हे रूपही हिंदी वळणाचे. विद्यार्थी – विद्यार्थ्यांना, तसे आश्रयार्थी – आश्रयार्थ्यांना. एकटीच बाई असेल तर आश्रयार्थिनी.