रोज तासभर वाजवतो तरी प्रगती शून्य, गिटार विकून टाकू का?

"ताई, दोन वर्षं झाली गिटार शिकतोय, रोज तासभर बसतो, पण सहा महिने झाले आहे तिथेच आहे. एफ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) अजून नीट वाजत नाही, ११० बीपीएमच्या (मिनिटाला ११० ठोके) वर गेलं की स्ट्रमिंग गडबडतं. माझ्या नंतर सुरू केलेला मित्र पुढे गेला. रोज तीच चार गाणी वाजवून गिटार ठेवून देतो. विकून टाकू का?"

अरे विकतोस कशाला! उत्तर तुझ्याच पत्रात आहे की, "तीच चार गाणी". येतं तेच वाजवत बसलास तर तासभर मजा येईल, पण त्याला रियाज नाही म्हणत.

अडकणं हा प्रकार तसा जुनाच आहे बरं का. १८९० च्या दशकात ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी टेलिग्राफ शिकणाऱ्यांचा अभ्यास केला, तर संदेश ऐकून घेण्याचा स्पीड मध्येच कितीतरी आठवडे वाढेचना आणि मग एकदम वाढला. त्यांचं म्हणणं असं की आधी माणूस एकेक अक्षर ऐकतो, ते अंगवळणी पडलं की मग अख्खा शब्द ऐकू यायला लागतो. तुझी बोटं अजून कॉर्ड अक्षर अक्षर लावतायत, एक बोट, मग दुसरं, मग तिसरं.

म्हणून गाणी थोडे दिवस बाजूला ठेव आणि फक्त सी वरून एफ, एवढाच बदल घे. मेट्रोनोम (ताल देणारं टिक-टिक यंत्र) ५०-६० वर लाव, चार बीट सी, चार बीट एफ, आणि बघ कुठलं बोट सगळ्यात शेवटी पोचतंय, बहुतेक त्याच्यामुळेच अडतंय. दहा मिनिटं पुरे, पण रोज. आणि एफ धरताना पहिल्या बोटाने (तर्जनीने) सहाच्या सहा तारा जीव खाऊन दाबायची गरजच नसते, मधल्या तीन तारा बाकीची बोटं धरतात, पहिल्या बोटाला फक्त सगळ्यात जाड तार आणि खालच्या दोन बारीक तारा सांभाळायच्यात. बोट सपाट न ठेवता थोडं कडेवर वळव, तिथे हाड लागतं.

अजून एक, हाच आकार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) लावून बघ (ती ए कॉर्ड होते). तिथे स्वच्छ वाजली आणि पहिल्या फ्रेटवर नाही, तर नटपाशी (दांड्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) तारा जास्त उंच असू शकतात, मग दोष तुझा नाही, एकदा सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट, करून घे. नवीन गिटार घ्यायच्या नादाला मात्र लागू नकोस, हे लोकांचं आवडतं औषध आहे आणि त्याने काहीही होत नाही.

११० चं म्हणशील तर दरवेळी दोन-दोनने वाढवत तिथेच आपटण्यापेक्षा १२५ वर फक्त दोन बार (चार-चार बीटचे) वाजव, थांब, हात सैल सोड, परत दोन बार. मोबाईलवर उजव्या हाताचा व्हिडिओ काढ, पिक (तारा छेडायची चकती) तारांत फार खोल जातोय किंवा मनगट ताठ आहे हे लगेच दिसेल. मनगट दुखायला लागलं तर मात्र त्या दिवशी बंद.

आणि मित्राचं काय, जळण्यापेक्षा त्याला बोलव ना घरी! तो रिदम धरेल, तू त्याच्याबरोबर वाजव, दुसरा माणूस समोर असला की चुकल्यावर थांबून परत पहिल्यापासून सुरू करायची सोय राहत नाही, आणि मला वाटतं तुला तीच सवय नडतेय. पाचव्या फ्रेटचं काय झालं ते कळव.